क्षुल्लक बोलण्याचा परवाना

मिरजेच्या पोस्टात अण्णा तारमास्तर होते. त्यांच्या हाताखालून दिवसभर जायचं ते सगळं महत्त्वाचंच. कोण गेलं, कुणाला मुलगा झाला, कुणाची बदली झाली, कोण कुठल्या गाडीनं निघालं. तारेचे पैसे शब्दागणिक पडत, म्हणून खिडकीशी आलेला माणूस फॉर्मवरचा एकेक शब्द खोडत उभा राही. शुभेच्छांची तर ठरीव वाक्यंच होती आणि त्यांना आकडे दिलेले होते. इकडून आकडा गेला की तिकडे अख्खं वाक्य कागदावर उतरे. असा सगळा काटकसरीचा कारभार आटोपून अण्णा संध्याकाळी घरी येत, चहा घेत, आणि माडीवर जाऊन पुन्हा मोर्सची किल्लीच बडवायला बसत. या वेळी पदरमोड करून, आणि पाठवण्यासारखं काहीही नसताना.

आईला हे कोडं कधी सुटलं नाही. "आचारी घरी येऊन पुन्हा भात टाकतो का हो?" असं ती विचारी. अण्णा नुसते हसत. हुबळीच्या कुणाला तरी मिरजेत ढग आलेत एवढं कळवायला त्यांना पाऊण तास लागे. आमच्याकडेही आलेत, असं तिकडून उत्तर आलं की स्वारी खूश होऊन जेवायला खाली येई.

त्यांचा संच म्हणजे मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला, दुसऱ्या महायुद्धातला लष्करी रिसीव्हर आणि ८०७ नंबरच्या व्हॉल्व्हवर स्वतः जोडलेला ट्रान्समीटर. पोस्टातला साउंडर नुसता टकटकतो. दोन ठोक्यांमधल्या अंतरावरून अक्षर ओळखायचं असतं. रेडिओवर मात्र बारीक शिट्टी येते. त्या शिट्टीला कान बसायला बराच काळ गेला, असं ते सांगत. हात ओळखायची सवय मात्र पोस्टातलीच. कोल्हापूरच्या तारघरात आज कोण बसलंय हे त्यांना ठोक्यांच्या ढबीवरून कळे; तसंच इथेही पुरती कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची खूण, यायच्या आत "हा बेळगावचा डॉक्टर" म्हणून ते वहीत नोंदसुद्धा करून टाकत. पुढे ते माइकवर बोलू लागले, तेव्हा शेजारच्या काकूंच्या रेडिओत ऐन 'आपली आवड'मध्ये अण्णांचा आवाज घुसायला लागला. काकूंनी भांडण काढलं नाही. दुसऱ्या दिवशी आईला एवढंच विचारलं, "मग हुबळीला पडला का हो पाऊस?"

मी हौशी रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेला बसायचं ठरवलं तेव्हा नियमांचं पुस्तक हाती आलं. १९७८चे नियम. धंद्याचं बोलायचं नाही, राजकीय वादाचे विषय काढायचे नाहीत, गाणी वाजवायची नाहीत, तिसऱ्याचे निरोप पोचवायचे नाहीत. मग बोलायचं काय? तर आपल्या तांत्रिक प्रयोगांविषयी बोलावं. आणि वैयक्तिक बोलायचंच असेल तर ते इतकं क्षुल्लक असावं, की त्यासाठी सार्वजनिक तार-टेलिफोन वापरणंही योग्य ठरू नये. मी ते कलम दोनदा वाचलं. सरकार मला परवाना देणार होतं तो बिनमहत्त्वाचं बोलण्याचा. ट्रंककॉल बुक करून तासन्‌तास ताटकळायचे ते दिवस; सरकारला आपलं उत्पन्न बुडू द्यायचं नव्हतं, इतकाच त्या कलमाचा हेतू असणार. पण अण्णा माडीवर रोज काय करत होते याचा उलगडा मला तिथे झाला. तारघरात जे बसत नव्हतं, ते सगळं ते घरून पाठवत होते.

परीक्षा बोरिवलीच्या गोराई रोडवरच्या मॉनिटरिंग स्टेशनात झाली. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं अण्णा सोबत आले होते आणि माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते. माझ्या श्रेणीला मिनिटाला पाच शब्दांचा मोर्स घ्यायचा आणि द्यायचा. वरच्या श्रेणीला बारा. पुढे पोलीस चौकशी. हवालदारानं चहा पिता पिता विचारलं, "ताई, हे कुणाशी बोलायला?" मी म्हटलं, "कुणी भेटेल त्याच्याशी." त्यानं काय लिहून घेतलं देव जाणे, पण परवाना आला.

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींच्या रोजच्या हजेरीला नेट म्हणतात. ठरलेली वेळ, ठरलेली फ्रिक्वेन्सी, आणि एक जण नेट कंट्रोल. तो पुकारा करतो, एकेक जण आपली कॉलसाइन सांगतो, तो यादी करतो आणि मग पाळीपाळीनं एकेकाला बोलावतो. आपली पाळी येईपर्यंत फक्त ऐकायचं. अगदीच अडलं तर दोघांच्या मधल्या फटीत 'ब्रेक' म्हणायचं. मराठी माणूस एरवी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही; इथे एका वेळी एकालाच बोलता येतं, कारण दोघं एकदम बोलले तर कुणाचंच ऐकू येत नाही, नुसती किरकिर उठते. सभ्यता यंत्रानंच लावून दिलेली.

आमचं सकाळचं नेट सात मेगाहर्ट्झवर, म्हणजे चाळीस मीटरच्या पट्ट्यात. या पट्ट्याचा स्वभाव महाराष्ट्राला मानवणारा आहे. वीस मीटर लांबीची तार मधोमध कापून फारशी उंच न टांगता लावली, की लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनांबरावर आपटून तीन-चारशे किलोमीटरांच्या परिघात खाली उतरते. मध्ये सह्याद्री असो नाहीतर बालाघाट, तिला अडथळा वाटत नाही. त्यामुळे सकाळी नाश्त्याच्या वेळेला सोलापूर, नाशिक, बेळगाव, पणजी अशी सगळी एका ओसरीवर येतात. रात्र झाली की हाच पट्टा जवळच्यांना विसरतो. शेजारचा जिल्हा ऐकू येत नाही आणि भलत्याच देशाची माणसं कानाशी बोलू लागतात. ज्यांना परदेश हवा ते रात्री जागतात. मी सकाळवाली.

पहिल्यांदा मी हजेरी लावली तेव्हा नेट क्षणभर गप्पच झालं. मग एकदम तिघं-चौघं बोलू लागले आणि किरकिर उठली. हॅमच्या बोलीत प्रत्येक बाई 'वायएल', म्हणजे यंग लेडी, आणि प्रत्येक पुरुष 'ओल्ड मॅन', मग तो सोळा वर्षांचा का असेना. मी आता आजी आहे आणि अजून वायएलच आहे. या छंदानं दिलेल्या सवलतींत ही मला सगळ्यात आवडते.

नेटवर बोलणं काय होतं ते ऐकाल तर हसाल. तुमचा सिग्नल फाइव्ह नाईन. इकडे धुकं आहे. अँटेनावर कावळ्यानं घरटं केलंय, पिल्लं उडाल्यावर तार ओढणार. बाजारात तोंडली महाग झाली. उद्या डोळ्याचं ऑपरेशन, दोन दिवस नेटवर नाही. सेव्हन्टी थ्री, म्हणजे शुभेच्छा. या वाक्यांना तारघरात कुणी दमडी दिली नसती. पण वर्षानुवर्षं रोज ऐकल्यावर साताऱ्याच्या मास्तरांना सर्दी झाल्याचं त्यांच्या घरच्यांआधी आम्हाला कळायला लागतं.

किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ला, तेव्हा मी पुण्यात संसाराला लागले होते. विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दिवस वर आला तसं सात मेगाहर्ट्झवर दुसरं काहीच उरलं नाही. हॅम मंडळी गाडीत संच टाकून त्या भागात निघाली होती. मी घरी बसून मधला निरोप्या झाले, एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नसेल तेव्हा तेच पुन्हा सांगायचं. औषधांची नावं अक्षर-अक्षर सुटं करून, अल्फा, ब्राव्हो, चार्ली. मांडीवर मूल आणि हातात पेन्सिल. एका क्षणी गाडीतला आवाज म्हणाला, "सगळं ठीक, पुढे जातोय," आणि नेट कंट्रोल, तो सोलापूरचा, ताडकन म्हणाला, "तू ठीक नाहीस, गाडी थांबव आणि आधी काही खा." त्या माणसाचा रोजचा सूर त्याला ठाऊक होता म्हणूनच त्याला हे कळलं.

आमच्या मंडळींना आपत्तीच्या गोष्टी सांगायला फार आवडतं. कुणी छंदाला नाक मुरडलं की भूकंप, पूर, त्सुनामी अशी यादी बाहेर येते. ती खोटी नाही. २००४च्या डिसेंबरात हॅम पथक अंदमानात दुसऱ्याच कामासाठी, जगभरच्या हॅमशी संपर्क साधण्याच्या मोहिमेवर गेलेलं होतं. त्सुनामी आली आणि त्यांच्याच संचावरून पोर्ट ब्लेअरच्या खबरी मुख्य भूमीवर आल्या. पण आता मोबाइलचे टॉवर लवकर उभे राहतात, एनडीआरएफकडे सॅटेलाइट फोन असतात, आमची गरज पूर्वीइतकी लागत नाही, हेही कबूल करायला हवं. आणि संकटाच्या दिवशी परवाना पेटीतून काढून कुणी उपयोगी पडत नाही. तोंडल्यांचा भाव रोज सांगणाराच तेव्हा कामाला येतो.

पुण्यात संध्याकाळचं नेट वेगळं, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर, डोंगरावरच्या रिपीटरच्या जिवावर. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि सहाशे किलोहर्ट्झ वर तेच जोरात बोलून दाखवतो. त्यामुळे हातातल्या पाच वॅटच्या संचावरून कोथरूड आणि सासवड गप्पा मारतात. त्याला एक टायमरही असतो. कुणी तीन मिनिटांवर लांबण लावली की तो सरळ आवाज बंद करतो. निवृत्त मंडळींच्या क्लबात या टायमरसारखा अध्यक्ष मिळणं कठीण.

आमच्या हॅम क्लबातल्या माझ्या आवडीच्या कामांत पहिलं नाव फॉक्स हंटचं. एकानं छोटा ट्रान्समीटर लपवून ठेवायचा, बाकीच्यांनी दिशादर्शक अँटेना घेऊन तो हुडकायचा. अँटेना घरचीच: पीव्हीसीचा पाइप आणि शिंप्याची नव्हे, सुताराची पोलादी मोजपट्टी कापून केलेली, म्हणजे झुडपात अडकली तर वाकते आणि पुन्हा सरळ होते. ट्रान्समीटर जवळ आला की पंचाईत. सगळीकडूनच सिग्नल भरभरून येतो, दिशा कळत नाही. मग अँटेना काढून संच छातीशी धरायचा आणि जागेवर गोल फिरायचं. पाठ ज्या दिशेला असताना आवाज मरतो, कोल्हा तिकडे. आपलंच शरीर आड येतं, त्याचा उपयोग करायचा. एका रविवारी वेताळ टेकडीवर हंट होता. खाणीकडे तोंड केलं की सिग्नल जोरात, म्हणून आमचे दोन अनुभवी इंजिनियर खाणीच्या कडेकडेनं उतरत गेले. सातवीतली एक मुलगी मात्र वरच थांबली आणि म्हणाली, "काकू, खाणीच्या भिंतीवर आपटून तर येत नाही ना हा?" तिनं पाठ फिरवली आणि मागच्या घाणेरीच्या जाळीत हात घातला. इंजिनियर वर येईपर्यंत तिचं सरबत पिऊन झालं होतं.

मध्यंतरी मी स्वतःचा संच बांधला, हैदराबादच्या अशर फरहान यांनी आराखडा करून दिलेला बिटेक्स. स्वस्तात मिळणाऱ्या सुट्या भागांवर चालावा हीच त्याची कल्पना. कॉइल गुंडाळायला त्यात चक्क नळाचे नायलॉनचे वॉशर सुचवलेले. ट्रान्झिस्टर तपकीर गल्लीत घेतले आणि वॉशर नळदुरुस्तीच्या दुकानात. दुकानदारानं किती इंची नळ म्हणून विचारलं. मी म्हटलं, नळ नाहीये. अण्णा तेव्हा हयात होते. पहिला संपर्क झाल्यावर फोन केला तर म्हणाले, "फोनवर कशाला सांगतेस, नेटवर ये."

ते गेले तेव्हा नेटवर त्यांची कॉलसाइन एकदा शेवटची पुकारली गेली. आमच्यात गेलेल्याला 'सायलेंट की' म्हणतात. त्यांना आवडलं असतं ते हे, की १५ जुलै २०१३ला देशातली तारसेवा बंद झाली, महत्त्वाचं पाठवणारा मोर्स केव्हाच संपला, आणि ढग आलेत हे कळवणारा मोर्स अजून रोज चालू आहे.

२०२०च्या टाळेबंदीत नेट सकाळ-संध्याकाळ भरू लागलं. एकटी राहणारी म्हातारी माणसं दोन दिवस हजेरीला आली नाहीत तर कुणीतरी फोन करी. असं कुणी ठरवलं नव्हतं. एकदा फोनवर नुसतं "संच बिघडलाय" ऐकून आमचा एक मुलगा पास काढून नवा फ्यूज घेऊन गेला आणि सोबत डबाही.

हल्ली क्लबचा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. माणसं तीच. तिथे सकाळी फुलं येतात, दुपारी राजकारण, रात्री कुणीतरी ग्रुप सोडतं. कराडचे आणि नाशिकचे आमचे दोन ज्येष्ठ सभासद गेल्या निवडणुकीत तिथे असे जुंपले, की दोघांनीही ग्रुप सोडला आणि एकमेकांचे नंबर ब्लॉक केले. मला वाटलं, आता सकाळचं नेट दोघांपैकी एकाला मुकणार. त्या आठवड्यात नेट कंट्रोलची पाळी माझी होती. दोघंही वेळेवर आले. रिपोर्ट द्यायची पाळी नाशिकची.

"कराड, तुमचा सिग्नल फाइव्ह नाईन. पण आवाजात हम येतोय. पॉवर सप्लायचा फिल्टर कॅपॅसिटर बघा."

"कालच बदललाय."

"मग अर्थिंग बघा."

"बघतो. तुमच्याकडेही किरकिर आहे. शेजारी नवे एलईडी लावलेत का कुणी?"

"सोलर इन्व्हर्टर बसवलाय वरच्यांनी."

"फेराइट रिंग टाकून बघा. माझ्याकडे जास्तीची आहे, कुरियर करतो."

"रॉजर. पत्ता तोच आहे."

मी पुढच्या स्टेशनला बोलावलं. सोलापूर, गो अहेड. सोलापूरकर म्हणाले, इकडे ढग आलेत.