जुन्या गाडीचा विसार

अठरा-वीस वर्षांपूर्वी ज्या गाडीला पन्नास लाख मोजावे लागत, ती आज दहा-बारा लाखांत मिळते हे ऐकून व्यापाऱ्याचे डोळे चमकले नाहीत तरच नवल. पडत्या भावाचा माल आपल्याला ओळखता येतो, असा घाऊक बाजारात वाढलेल्या माणसाचा स्वतःविषयी समज असतो. जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत नेमका हाच समज त्याला गोत्यात आणतो. गाडीची किंमत वयाबरोबर घसरते, तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. दहा लाखांना घेतलेली गाडी ब्रेक, क्लच आणि टायर पन्नास लाखांच्या गाडीचेच मागते. खरेदीची रक्कम म्हणजे नुसता विसार. सौदा पुढे अनेक वर्षे चालू राहतो.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत बेअरिंगचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाने हा सौदा जवळून पाहिला. धाकट्या मुलाने 2021 साली एक दोन आसनी गाडी घेतली. ती 2007 सालची होती, परदेशात बनून तयारच आयात झालेली. त्या वर्षी दुकानावर बँकेचे कर्ज होते आणि बहिणीचे लग्न ठरले होते. वडिलांनी स्पष्ट नकार दिला नाही. ते दोन दिवस कोणाशी फारसे बोलले नाहीत, इतकेच. आजोबांनी मुनीमजींना बोलावून चोपडीत गाडीचे स्वतंत्र खाते उघडायला लावले. अट एकच होती. गाडीचा प्रत्येक रुपया मुलाच्या उचलीतून जाईल आणि त्याच दिवशी खात्यावर पडेल.

खात्यावरची पहिली रक्कम इंजिनाची नव्हती. आसने अस्सल चामड्याची होती आणि आजींनी गाडीत पाऊल ठेवण्यास नकार दिला. कापडी खोळ चढवून भागले नाही, कारण अशा आसनांच्या कडेत एअरबॅग दडलेली असते आणि अपघाताच्या वेळी ती शिवण उसवूनच बाहेर येते. ती शिवण ओळखणारा कारागीर शोधावा लागला. मग स्टिअरिंगचे आवरण, मग गिअरची मूठ. गाडी घेण्यापूर्वी तपासायच्या कोणत्याही यादीत ही बाब आढळत नाही. आपल्या घरांत मात्र ती पहिली असायला हवी.

गाडी फार थोडी चाललेली आहे, असे विकणाऱ्याने अभिमानाने सांगितले होते. खरेदीदार या वाक्याला फार भुलतात. गाडी चालो वा न चालो, रबर आणि प्लॅस्टिक यांचे वय थांबत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तेवढे वाचले तरी विकणाऱ्याच्या बोलण्याची परीक्षा होते. या गाडीच्या टायरवरची नक्षी नव्यासारखी होती आणि रबर लाकडासारखे कडक. पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या मापाची असल्याने ती आलटून-पालटून लावण्याची सोय नव्हती. सीएटचा टायर कारखाना याच सातपुरात आहे, पण या मापाचे टायर बाहेरून मागवावे लागले. पहिल्या उन्हाळ्यात कूलंटची प्लॅस्टिकची टाकी तडकली. टायमिंग बेल्ट तर किलोमीटर न पाहता ठरलेल्या वर्षांनी बदलावाच लागतो. तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काही हजारांची बचत काही लाखांना पडते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून तेही दर दोन वर्षांनी बदलायचे. वर्षअखेरीस मुनीमजींनी बेरीज मांडली, तेव्हा खरेदी किमतीच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम खात्यावर होती.

येथे सातपूर कामाला आले. महिंद्रा आणि मायको (मायकोला आता बॉश म्हणतात, पण नाशिककरांचे मायको सर्कल मायकोच राहिले) यांच्या आधाराने या वसाहतीत शेकडो छोटे गाळे उभे राहिले, आणि मायक्रॉनमध्ये विचार करणारी माणसे तेथे लेथवर उभी असतात. सस्पेन्शनचा झिजलेला बुश नमुन्यावरून त्यांनी दोन दिवसांत बनवून दिला. कंपनीने त्यासाठी पूर्ण आर्मच बदलायला सांगितला होता. बेअरिंग तर घरच्याच दुकानात, केवळ क्रमांक जुळवून मिळाले. मात्र जे लेथवर घडते तेथपर्यंतच ही सोय. सेन्सर किंवा इंजिनाचा संगणक बिघडला की सातपूरचे कसब संपते आणि परदेशी माल, आयात शुल्क, आठवडे-महिन्यांची वाट हे सारे सुरू होते.

गाडी बनवणारेच उरले नसतील तर प्रश्न आणखी बिकट. 1990 च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म आठवावी. फायबरग्लासचे अंग, दोन आसने आणि रेनॉचे 1149 सीसीचे इंजिन. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी अवंतीतही रेनॉचेच दोन लिटरचे टर्बो इंजिन होते. इंजिन मोठ्या कंपनीचे असल्याने त्याचे भाग शोधता येतात; काच, हूड, दाराचे रबर यांसाठी कोणाचे दार ठोठवायचे? अशी गाडी घेणाऱ्याने तिच्यासोबत दुसरी मोडकी गाडीही सुट्या भागांसाठी घ्यावी, हा सल्ला विनोदी वाटला तरी हिशेबी आहे.

दुरुस्तीपेक्षा सरकारी खर्चाचा अंदाज अधिक चुकतो. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून साध्या मोटारीला 600 वरून 5,000 रुपये झाले आणि आयात गाडीला 40,000 रुपये. या घराची मुदत नेमकी त्याच वर्षी संपली. त्यावर पर्यावरण कर निराळा. 1500 सीसीवरील गाडीचा थर्ड पार्टी विमा जून 2022 पासून वर्षाला 7,897 रुपये. सर्वंकष विमा घेतला तरी दाव्यातून रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी घट कापली जाते आणि दहा वर्षांपुढच्या गाडीत धातूच्या भागांवरही निम्मी. गाडी दुकानाच्या नावावर दाखवावी, अशी सूचना एका पाहुण्यांनी केली होती. सनदी लेखापालांनी ती तेथेच मोडून काढली. अशा प्रवासी गाडीवर, तिच्या दुरुस्तीवर आणि विम्यावरही जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही, आणि घरच्या वापराचा खर्च धंद्याचा म्हणून आयकरात दाखवता येत नाही.

पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने झाकलेली असे. त्र्यंबक रस्त्यावरचे खड्डे आणि जमिनीला टेकलेले तिचे पोट यांचे जमत नाही. दुसऱ्या चातुर्मासात उंदरांनी वायरिंग कुरतडले. गॅरेजवाल्याने विषाच्या गोळ्या सुचवल्या. तो प्रश्न घरात चर्चेलाही आला नाही. पिंजरा आणला गेला आणि रोज सकाळी कोणीतरी तो गंगापूर धरणाच्या बाजूला रिकामा करून येऊ लागले. वायरिंगचा खर्च मुलाच्या उचलीतून गेला, पिंजऱ्याचा आजींनी दिला.

2027 मध्ये गाडीला वीस वर्षे होतील. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनुसार त्यापुढच्या आयात गाडीच्या नूतनीकरणाला 80,000 रुपये लागतात. मुलगा त्यासाठी दरमहा दोन हजार बाजूला टाकतो आणि दोन वर्षांत त्याने दुसरी कोणतीही हौस केलेली नाही. गाडी विकावी का, हा प्रश्न दर पाडव्याला निघतो. आजोबा खात्याची बेरीज मोठ्याने वाचून दाखवतात आणि चोपडी मिटतात. वडील काही बोलत नाहीत. महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटे मात्र ते किल्ली मागून घेतात, एकटेच त्र्यंबकच्या दिशेने जाऊन येतात, आणि सोमवारी पेट्रोलचे पैसे आपल्या उचलीतून गाडीच्या खात्यावर जमा करायला लावतात.