टाका आणि गोष्ट

शिलाँगला बदलीचा हुकूम आला तेव्हा आमच्या सामानात पुस्तकांच्या दोन पेट्या होत्या. पहिल्याच हिवाळ्यात मोतीबिंदू काढावा लागला आणि डोळ्यांना काही दिवस ताण देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले. डिसेंबरात जिथे साडेचारलाच दिवस मावळतो, त्या गावी एकट्या सरकारी नोकराने वाचनावाचून संध्याकाळ कशी काढावी?

आमच्या घरमालकीणबाई खासी. सारा शेजार त्यांना आदराने ‘कोंग’ म्हणतो, तेव्हा आम्हीही म्हणू लागलो. वेल्सचे मिशनरी टॉमस जोन्स १८४१ साली या डोंगरांत आले. त्यांच्यामागे येथे रुजलेल्या प्रेस्बिटेरियन पंथातले हे घराणे. शेगडीपाशी बसून बाई लोकर विणीत आणि मोबाइलवर ख्रिस्ती कादंबऱ्या ऐकत. त्यांनीच आमच्या हाती सुया दिल्या. ‘‘हे बोटांना दिसते, साहेब,’’ त्या म्हणाल्या. महिन्याभरात सुलट-उलट टाके अंधारातही पडू लागले; मग क्रोशाची साखळी, मुका खांब, खांब.

‘बेन हर’ आम्ही स्वेटरच्या बाहीवर ऐकली. ल्यू वॉलेस हे न्यू मेक्सिको प्रांताचे गव्हर्नर असताना ही कादंबरी पुरी झाली आणि १८८० साली प्रसिद्ध झाली, ही गोष्ट फायलींखाली दबलेल्या आमच्या बंधूंनी अवश्य ध्यानी घ्यावी. रथांच्या शर्यतीत मात्र आमच्या मुठी अशा आवळल्या की, उजवी बाही डावीहून दोन बोटे अरुंद झाली! चार्ल्स शेल्डन यांची ‘इन हिज स्टेप्स’ तर मुळात कानांसाठीच लिहिलेली. १८९६ मध्ये कॅन्ससमधील टोपीका येथे रविवारी संध्याकाळी ते आपल्या मंडळीला एकेक प्रकरण वाचून दाखवीत. ती ऐकताना टाके कसे एकसारखे पडतात. या कादंबऱ्यांत शेवटी माणसे फार लवकर सुधारतात, ही आमची जुनी तक्रार. पण हात गुंतलेले असले की टीकाकार जरा मवाळ होतो.

वाईहून दादांचा फोन आला, तेव्हा आम्ही हे सारे हौसेने सांगितले. दादा अंमळ थांबून म्हणाले, ‘‘ऐक हो, पण आपले घर विसरू नकोस.’’ त्यांच्या काळजीची आम्हांस गंमत वाटली आणि थोडा रागही आला. आपल्या घरातलेच काही ऐकावे म्हणून पुण्याच्या मुलीला बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ वाचून पाठवायला सांगितले. १८५७ सालची ही मराठी कादंबरी, ख्रिस्ती लेखकाची, विधवांच्या दुःखाची. मुलगी रोज रात्री काही पाने वाचून ध्वनिमुद्रण पाठवी.

केशवपनाची हकिकत आली त्या रात्री तिचा आवाज मध्येच थांबला. ‘‘बाबा, पणजीआजी अशीच होती ना?’’ एवढे विचारून तिने पुढे वाचले. आमच्या हातातली सुई जागच्या जागी राहिली.

आमची आजी आलवण नेसे. डोक्यावरचा पदर कधी ढळत नसे आणि तो का ढळत नाही, हे विचारण्याची आम्हा मुलांची प्राज्ञा नव्हती. संध्याकाळी धाकटे आजोबा ओसरीवर ‘हरिविजय’ वाचीत आणि ती खांबाआड बसून कापसाच्या वाती वळी. कानांनी गोष्ट ऐकायची आणि हातांनी काम करायचे, ही विद्या आम्ही कोंगकडून शिकलो असे समजत होतो. ती तर आमच्याच ओसरीवरची. कृष्णाच्या लीला तिने कितीदा ऐकल्या असतील. पण जिच्यात ती स्वतः होती, ती गोष्ट कोणी तिला वाचून दाखवली नाही. वाचून दाखवणारे सारे तिचे दीरच. आणि पुढे शिकलेसवरलेले आम्ही, सुटीत घरी जात होतो तेव्हा आम्हीही नाही.

दुसऱ्या दिवशी कोंगने विणकाम हाती घेऊन पाहिले. चार ओळी खाली एक टाका गळाला होता. तो वर उचलून घेता येतो, पण त्यांनी चारही ओळी उसवल्या आणि सुया परत आमच्या हाती दिल्या. दादांना आम्ही त्या रात्री फोन लावला. आजीचे माहेरचे नाव काय होते, एवढेच विचारले. त्यांनाही ते आठवेना.