न विकलेल्या जमिनीचा भाव

१ फेब्रुवारी १८८८ च्या एका दस्तऐवजाने टेक्सस पॅसिफिक लँड ट्रस्ट ही संस्था जन्माला आली. टेक्सस अँड पॅसिफिक रेल्वे दिवाळखोरीत गेली होती आणि तिच्या कर्जरोखेधारकांचे पैसे अडकले होते. हाती उरली होती ती फक्त पश्चिम टेक्ससमधली सुमारे ३५ लाख एकर जमीन. रूळ टाकण्याच्या बदल्यात राज्याने ती रेल्वेला दिली होती. ही जमीन विश्वस्तांच्या ताब्यात गेली, रोखेधारकांना हिश्शाचे दाखले मिळाले आणि विश्वस्तांना काम नेमून दिलं गेलं: जमीन विका, आलेल्या पैशातून दाखले परत विकत घ्या, रद्द करा. म्हणजे स्वतःला हळूहळू संपवत नेण्यासाठीच ही संस्था काढलेली. विश्वस्तांनी ते काम इतक्या सावकाशीने केलं की सव्वाशे वर्षांनंतरही जवळपास नऊ लाख एकर शिल्लक राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअर बाजाराने या शिलकीचं मोल जवळपास ४० अब्ज डॉलर ठरवलं.

मी ह्यूस्टनमध्ये तेलसाठ्यांचं मूल्यमापन करते. एखादी विहीर पुढची तीस-चाळीस वर्षं किती तेल देईल आणि त्या तेलाची आजची किंमत काय, हे बँकांना आणि खरेदीदारांना सांगायचं. शेअरचे सल्ले देणं हा माझा धंदा नव्हे. पण प्रत्येक विहिरीबरोबर ‘डिव्हिजन ऑर्डर’ नावाचा एक कागद येतो. उत्पन्नात कुणाचा किती वाटा, याचा तो तक्ता असतो, दशांश चिन्हानंतर आठ घरांपर्यंत मांडलेला. पर्मियन खोऱ्याच्या पश्चिमेकडच्या, म्हणजे डेलावेअर भागातल्या विहिरींच्या तक्त्यांत एक नाव सारखं भेटतं: टेक्सस पॅसिफिक. त्यामुळे या कंपनीकडे मी वरून, बाजाराच्या बाजूने पाहत नाही. खालून पाहते.

मराठी वाचकाला यातली पहिली गोष्टच परकी वाटेल. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असलं तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार खालची खनिजं सरकारची. बॉम्बे हायचं तेल तर राज्याच्या किनाऱ्यापासून इतकं दूर आहे की त्याचं स्वामित्वधन केंद्राकडे जातं, मुंबईचं नाव लावलेलं असूनही. टेक्ससमध्ये जमिनीचा पृष्ठभाग एकाचा, खालची खनिजं दुसऱ्याची आणि त्या खनिजांच्या उत्पन्नातला रॉयल्टीचा हिस्सा तिसऱ्याचा असू शकतो. तिन्ही स्वतंत्रपणे विकता येतात, वारसांना देता येतात. टेक्सस पॅसिफिककडे यातलं पहिलं आणि तिसरं आहे. दुसरं तिने १९५४ मध्ये सोडून दिलं.

तो व्यवहार मला या सगळ्या इतिहासातला सर्वात रंजक वाटतो. त्या वर्षी ट्रस्टने खनिज हक्क टीएक्सएल ऑइल नावाच्या वेगळ्या कंपनीकडे सोपवले. स्वतःकडे ठेवली ती कायमस्वरूपी रॉयल्टी: सुमारे ३,७१,००० एकरांखाली सोळावा हिस्सा आणि ८५,००० एकरांखाली १२८ वा. टीएक्सएल १९६२ मध्ये टेक्साकोने घेतली आणि टेक्साको २००१ मध्ये शेव्हरॉनमध्ये गेली. आज पर्मियनमधल्या आपल्या जमिनीच्या मोठ्या भागावर रॉयल्टी कमी किंवा शून्य आहे, असं शेव्हरॉन अभिमानाने सांगते. त्या अभिमानाचं मूळ याच रेल्वेच्या जमिनीत आहे. सोनं दुसऱ्याला देऊन ट्रस्टने पावती जपून ठेवली, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. सोळाव्या हिश्शाच्या मालकाला विहीर खोदण्याचा खर्च नाही, पाइप नाही, कामगार नाहीत, कोरड्या विहिरीचा तोटा नाही. शंभर बॅरल निघाले की सव्वासहा त्याचे, आणि ते खर्च वजा करण्याआधी.

आता नकाशा पाहा. राज्याने रेल्वेला सलग पट्टा दिलाच नव्हता. एक चौरस मैलाचे, ६४० एकरांचे तुकडे आखले. एक रेल्वेला, शेजारचा राज्याच्या शाळा निधीला, पुन्हा एक रेल्वेला. बुद्धिबळाच्या पटावर फक्त काळी घरं आपली असावीत तशी ही मालकी. शंभर वर्षं ही विखुरलेली मालकी गैरसोयीची होती. तुटक तुकड्यांवर धड गुरंसुद्धा चारता येत नाहीत. मग आडव्या विहिरी आल्या. आज डेलावेअरमधली नेहमीची विहीर खडकात दोन मैल आडवी जाते. काळ्या-पांढऱ्या घरांच्या रांगेतून दोन मैल सरळ जायचं तर निदान एक काळं घर ओलांडावंच लागतं. वाटा पातळ होतो: दोन मैलांपैकी एक मैल टेक्सस पॅसिफिकखालून गेली तर तक्त्यात सोळाव्याच्या निम्मा, ०.०३१२५००० लिहिला जातो. पण तो शेकडो विहिरींत लिहिला जातो. कुठली कंपनी यशस्वी होईल, कुठला थर चांगला निघेल, याची पैज टेक्सस पॅसिफिकला लावावीच लागत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या भूमापकाच्या आखणीने ती आपोआप सगळीकडे वाटली गेली. हे कुणाचं शहाणपण नव्हे, याची आठवण मी या कंपनीच्या भक्तांना अधूनमधून करून देते.

आकडे सांगते. २०२४ मध्ये कंपनीचं उत्पन्न ७०.६ कोटी डॉलर आणि निव्वळ नफा ४५.४ कोटी होता. म्हणजे प्रत्येक डॉलरमागे ६४ सेंट शिल्लक, डोक्यावर कर्ज नाही, नोकरवर्ग शंभराच्या आसपास. तेल आणि वायूची रॉयल्टी सुमारे ३७ कोटी. उरलेल्यात पाण्याची विक्री सुमारे १५ कोटी, विहिरीतून वर येणाऱ्या खाऱ्या पाण्यावरची रॉयल्टी १० कोटींहून थोडी जास्त आणि पाइपलाइन, रस्ते, वीजतारांच्या वहिवाटीचं उत्पन्न सात-सव्वासात कोटी.

या पाण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण बाजार तेलाचा भाव पाहून या शेअरची किंमत करतो आणि पाणी विसरतो. डेलावेअरमध्ये एका बॅरल तेलाबरोबर तीन-चार बॅरल पाणी वर येतं, समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट. ते नदीत सोडता येत नाही. ते पुन्हा खडकात दाबावं लागतं, आणि त्यासाठी कुणाची तरी जमीन लागते. शिवाय नवी विहीर फोडायला लाखो बॅरल पाणी लागतं, ते आणखी वेगळं. टेक्सस पॅसिफिकने जून २०१७ मध्ये पाण्यासाठी उपकंपनी काढली आणि दोन्ही टोकांना पैसे घ्यायला सुरुवात केली. गंमत अशी की विहीर म्हातारी होते तसं तेल घटतं, पण पाण्याचं तेलाशी प्रमाण वाढत जातं. तेलाचा वाटेकरी वयाबरोबर गरीब होतो, पाण्याचा तितका होत नाही.

पण याच पाण्याने जमीन हलते आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पश्चिम टेक्ससमधल्या मेंटोनजवळ ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला. टेक्ससचं रेलरोड कमिशन (नाव रेल्वेचं, काम तेलावर नियंत्रणाचं) त्याआधीच काही भागांत पाणी दाबण्यावर बंधनं घालू लागलं होतं, आणि जून २०२५ पासून नव्या परवान्यांचे नियम आणखी कडक झाले. दाबायची जागा जितकी दुर्मीळ तितका जागेच्या मालकाचा भाव वर, हे खरं. मात्र एखाद्या भागात दाबणंच बंद झालं तर तिथलं तेलही थांबेल. कंपनी ओर्लाजवळ खारं पाणी गोडं करण्याचा प्रयोग करते आहे. त्यातलं तंत्र मला आशादायक वाटतं, अर्थकारण अजून सिद्ध व्हायचं आहे.

शेअरचा प्रवास मात्र तेलाच्या किंवा पाण्याच्या गतीने झालेला नाही. २०१० च्या सुमाराला तो चाळीस डॉलरच्या आत-बाहेर होता. मार्च २०२० मध्ये तो महिनाभरात निम्म्याहून खाली आला, आणि एप्रिलमध्ये तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरवर गेला. पुढे मार्च २०२४ मध्ये एकाचे तीन शेअर झाले. त्या विभाजनानंतरच्या मोजमापाने २०२४ च्या सुरुवातीला भाव ५२५ च्या आसपास होता. २६ नोव्हेंबरला कंपनी एस अँड पी ५०० निर्देशांकात गेली आणि त्या दिवसांत भाव १,७०० च्या घरात पोहोचला. डिसेंबर संपेपर्यंत तो ११०० वर उतरला. २०२५ च्या सप्टेंबरअखेर तो नऊशेच्या थोडा वर होता.

या उड्या विहिरींतून आलेल्या नाहीत, हे मी कागदावर दाखवू शकते. २०२२ मध्ये नफा ४४.६ कोटी होता, २०२४ मध्ये ४५.४. मधल्या काळात रॉयल्टीच्या वाट्याचं उत्पादन वाढलं, तेलाचा भाव घसरला आणि दोन्ही एकमेकांना खाऊन बसले. नफा जागच्या जागी असताना भाव तिप्पट होतो तेव्हा खरेदीदार वेगळा असतो. निर्देशांकाच्या फंडांना भाव न पाहता घ्यावंच लागतं, आणि होरायझन कायनेटिक्ससारखे जुने मोठे भागधारक विकत नाहीत. तेव्हा जेमतेम २ कोटी ३० लाख शेअर, त्यातलेही थोडेच बाजारात. १,७०० ला हा शेअर नफ्याच्या ऐंशीपटीहून महाग होता. कितीही दीर्घायुषी विहिरी धरल्या तरी माझ्या तक्त्यात तो भाव बसत नव्हता. सप्टेंबर २०२५ चा पंचेचाळीस-सेहेचाळीस पटीचा भावही स्वस्त नव्हता, पण त्यासाठी निदान एखादी मांडणी करता येत होती.

ती मांडणी कशावर उभी राहते? शेल खडकातली विहीर पहिल्याच वर्षात आपल्या उत्पादनाचा निम्म्याहून बराच जास्त भाग गमावते. म्हणजे रॉयल्टी टिकवायला दुसऱ्या कुणीतरी सतत नव्या विहिरी खोदत राहिलं पाहिजे, आणि त्यावर टेक्सस पॅसिफिकचं काहीच चालत नाही. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत तिच्या वाट्याला रोज सुमारे ३१ हजार बॅरल (वायू तेलाच्या हिशेबात धरून) आले, आदल्या वर्षाच्या सरासरीपेक्षा चांगलेच जास्त. पण सप्टेंबर २०२५ मध्ये तेल साठ ते सत्तर डॉलरमध्ये अडकलं होतं, ओपेक आणि तिचे मित्र पुरवठा वाढवत होते, आणि अमेरिकेचं जमिनीवरचं तेल उत्पादन शिखरावर पोहोचलं असावं, असं डायमंडबॅक या तेल कंपनीच्या प्रमुखांनी त्याआधी मे महिन्यात भागधारकांना लिहिलं होतं. रिग कमी होत होते. माझा अंदाज असा की पुढची दोन-तीन वर्षं रॉयल्टीचे बॅरल फार वाढणार नाहीत. मात्र कायमचा हक्क असल्यामुळे न खोदलेलं तेल कुठे पळून जात नाही. उशीर होतो. आणि मूल्यमापनात उशीर फार महाग पडतो: दहा टक्क्यांनी वजावट केली तर वीस वर्षांनी मिळणारा डॉलर आज पंधरा सेंटांचाही राहत नाही.

डेटा सेंटरचं स्वप्न आता सगळ्यांच्या तोंडी आहे. पश्चिम टेक्ससमध्ये वायू इतका आहे आणि पाइपलाइन इतक्या अपुऱ्या, की २०२४ मध्ये वाहा इथल्या वायूबाजारातला भाव कित्येक दिवस शून्याखाली होता. वायू न्यायला उलट पैसे द्यावे लागत होते. वायू तिथेच जाळून वीज करा, संगणक उभे करा, थंड करायला पाणी आहेच. कल्पना वेडी नाही. जून २०२४ मध्ये बाजारात आलेली लँडब्रिज ही शेजारची जमीनदार कंपनीही हेच सांगते. ‘स्टारगेट’ हे महाकाय डेटा सेंटर ॲबिलीनला उभं राहतंय, आणि ते गाव १८८१ मध्ये याच रेल्वेमुळे वसलं. पण ते तेलखोऱ्याच्या पूर्वेला, मोठ्या वीजजाळ्याच्या जवळ आहे. याउलट तेलखोऱ्यातल्या लव्हिंग काउंटीची २०२० च्या जनगणनेतली वस्ती ६४ माणसं. तिथे रिकामी जमीन हवी तेवढी आहे. दुर्मीळ आहेत त्या तारा. सप्टेंबर २०२५ पर्यंत टेक्सस पॅसिफिकच्या ताळेबंदात या स्वप्नाची ठळक ओळ मला दिसली नव्हती, म्हणून मी तिची किंमत शून्य धरली. कुणी जास्त धरत असेल तर त्याने ते उघड सांगावं.

पुण्याहून भाचा विचारतो, घेऊ का? मी त्याला आधी कर सांगते: भारतातल्या माणसाच्या लाभांशातून अमेरिका २५ टक्के कापते, आणि ६० हजार डॉलरवरच्या अमेरिकन मालमत्तेवर त्याच्या पश्चात वारसा कर लागतो, चाळीस टक्क्यांपर्यंत. यावर तो गप्प होतो.

मला खरी काळजी वाटते ती कंपनीच्या बदललेल्या स्वभावाची. जुने विश्वस्त आजन्म नेमले जात आणि त्यांच्यावर आळसाचा आरोप नेहमीचा होता. २०१९ मध्ये रिकाम्या झालेल्या एका विश्वस्तपदावरून भागधारकांशी लढाई पेटली, तडजोड झाली आणि ११ जानेवारी २०२१ ला ट्रस्टची डेलावेअर राज्यात नोंदलेली कंपनी झाली. भांडण तिथे मिटलं नाही. नवे शेअर काढण्याचा अधिकार वाढवायला जुन्या भागधारकांचा विरोध होता. तो खटला फेब्रुवारी २०२४ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. जुन्या दस्तऐवजाचं एकच सांगणं होतं, शेअर कमी करा, आणि ते पाळलं गेलं होतं: २००८ च्या सुमाराला एक कोटीच्या आसपास असलेले हिस्से २०२० पर्यंत ७७.५ लाखांवर आले होते. जमिनीचा प्रत्येक एकर उरलेल्यांमध्ये आपोआप मोठा होत गेला. नवी कंपनी खरेदी करते. २०२४ मध्ये तिने दुसऱ्यांच्या रॉयल्टीवर २७ कोटी डॉलरहून अधिक घातले. स्वतःच्या शेअरवर त्या मानाने फारच थोडे.

विकत घेतलेली रॉयल्टी वाईट असते असं नाही. पण ती लिलावात मिळते, जिथे वायपरसारखे खरेदीदार माझ्यासारख्यांचेच तक्ते हाती घेऊन बसलेले असतात. तिथे नफा सामान्य मिळतो. १८८८ च्या जमिनीची पुस्तकी किंमत जवळपास शून्य आहे आणि तिच्यातला सोळावा हिस्सा कुणीच बोली लावून घेतलेला नाही. २०२५ च्या मध्याला कंपनीकडे पन्नास कोटी डॉलरहून अधिक रोकड पडून होती. तिमाही अहवाल आला की मी आधी विहिरींच्या परवान्यांचं पान उघडते, मग शेअर पुनर्खरेदीचं. दुसऱ्या पानावर आकडा पुन्हा किरकोळच निघाला, तर सप्टेंबर २०२५ चे नऊशे डॉलरही मला महागच वाटतील.