पचमढीच्या वाटेची तयारी

सायकलवरून एका दिवसात किती लांब जाता येईल, हा प्रश्न शाळकरी वयात प्रत्येकाला एकदा तरी पडतो. पुढे नोकरी लागते, स्कूटर येते आणि प्रश्न आपोआप विरून जातो. माझा मात्र विरला नाही. त्याचे उत्तर मला येत्या जानेवारीत मिळावयाचे आहे. आम्ही भोपाळचे चौघे सायकलस्वार पहाटे चार वाजता शहर सोडून त्याच दिवशी सायंकाळी साडेपाचच्या आत पचमढी गाठणार आहोत. अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. साडेतेरा तासांची ही मुदत आम्ही मनाने ठरविलेली नाही. फ्रान्समध्ये उगम पावलेली आणि आता आपल्याकडेही रुजलेली ‘ब्रेव्हे’ नावाची लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीची एक पद्धत आहे. तिच्यात २०० किलोमीटरांस एवढीच मुदत असते. तिथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. मुदतीत पोचला तो उत्तीर्ण. परंतु चौघे मित्र एकाच रस्त्याने निघाल्यावर पुढे कोण आणि मागे कोण, हे कोणी पाहणार नाही, असे मानण्याइतके आम्ही साधुपुरुष नाही. म्हणून मी तिला सरळ शर्यतच म्हणतो.

अशा वेडाला जगात सोबती पुष्कळ आहेत. मुंबई-पुणे सायकल शर्यत तर आपल्या घरचीच. तिच्यातील खरी कसोटी खोपोलीनंतरच्या बोरघाटात लागते. नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे दोघे डॉक्टर बंधू २०१५ साली अमेरिकेचा पश्चिम किनारा सोडून पूर्व किनाऱ्याला सायकलीने पोचले, तेही नऊ दिवसांच्या आत. पण मला सर्वांत आवडते ती लेडव्हिलची हकीकत. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील हे खाणकामगारांचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर वसले आहे. १९८० नंतरच्या त्या दोनतीन वर्षांत तेथील मॉलिब्डेनमची मोठी खाण बंद पडली आणि गावाचा रोजगारच गेला. तेव्हा केन क्लाउबर नावाच्या एका खाणकामगाराने १९८३ साली गावाभोवतीच्या डोंगरांतून १०० मैल धावण्याची शर्यत सुरू केली. इतके धावल्यावर माणूस त्या रात्री गावातच मुक्काम करणार, दोन घास विकत घेऊन खाणार, हा त्यामागचा साधा हिशेब. १९९४ पासून तेथे डोंगरी सायकलींचीही १०० मैलांची शर्यत होऊ लागली. मुदत बारा तास. आणि वाटेतले सर्वांत उंच ठिकाण ३,७०० मीटरांहून वर. तेथील विरळ हवेत नुसते उभे राहणाऱ्यालाही धाप लागते.

आमच्या वाटेवर तेवढी उंची नाही. पण तिचा स्वभाव मोठा फसवा आहे. भोपाळ सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. मंडीदीप, औबेदुल्लागंज करीत आपण भीमबेटक्याच्या पायथ्यावरून जातो. (१९५७ साली आगगाडीच्या खिडकीतून हेच खडक पाहून विष्णु श्रीधर वाकणकर तिकडे वळले आणि आदिमानवाची चित्रे जगासमोर आली. त्या खडकांजवळून जाताना प्रत्येक वेळी वाटते की, वाहन जितके संथ तितके दिसते जास्त.) तेथून पुढे विंध्याचा उतार लागतो, रातापानीचे जंगल लागते आणि बुधनीनंतर नर्मदेचा पूल ओलांडून आपण नर्मदापुरमला, म्हणजे जुन्या होशंगाबादला पोचतो. येथपर्यंत सायकल जणू स्वतःहून धावते. पुढे माखननगर, सोहागपूर, पिपरिया असा सपाट मुलूख आहे. पिपरियाला पोचेपर्यंत सुमारे १५० किलोमीटर झालेले असतात, ऊन डोक्यावर आलेले असते. आणि मग मटकुलीपासून सातपुड्याचा घाट सुरू होतो. पचमढी १,०६७ मीटर उंचीवर आहे. थोडक्यात, विंध्य आपल्याला गोंजारून खाली सोडतो आणि सातपुडा त्याचे व्याजासकट वसूल करतो. सकाळच्या उतारावर जो उधळेल तो दुपारी मटकुलीच्या झाडाखाली बसलेला आढळेल.

तयारीला पावसाळा सरल्यावर प्रारंभ झाला. पहिल्या आठवड्यात रविवारी ४० किलोमीटर, भोजपूरच्या शिवालयापर्यंत गेले तर ६०, भीमबेटका करून आले की ९०. मग १२०, मग १५०. दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम निम्म्यावर आणावयाचे. कारण स्नायू सायकलवर नव्हे, विश्रांतीत बळकट होतात. पूर्ण २०० किलोमीटर आधी एकदा करून पाहावे, असे अनेकांना वाटते. जाणकार मात्र तसे सांगत नाहीत. पाऊण मजल ज्याला झेपली त्याला उरलेली पाव मजल त्या दिवसाचा उत्साहच पार करून देतो, असा त्यांचा अनुभव. मधल्या दिवशी केरवा आणि कलियासोत धरणांकडच्या कच्च्या वाटा. तिथे मात्र उजाडल्यावरच आणि जोडीने जावयाचे; त्या रानात वाघांचा वावर आहे, आणि वाघाशी शर्यत लावण्याची तयारी आमच्या कार्यक्रमात नाही.

चढासाठी मनुआभानची टेकडी. सायकलच्या गियरचे मर्म मला तिथेच खऱ्या अर्थाने कळले. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला ११ असले, म्हणजे पेडल एकदा फिरविले की चाक चारदा फिरते. हा सपाटीचा थाट. पुढे २२ आणि मागे ३४ केले की त्याच एका फेऱ्यात चाक जेमतेम दोन-तृतीयांश फिरते. सायकल मुंगीच्या पावलाने चालते. पण पायांवरचा भार इतका हलका होतो की तासन् तास फिरवीत राहावे. गणिताच्या तासाला गुणोत्तर आणि प्रमाण शिकताना हे पुढे कोठे उपयोगी पडणार, असे ज्या बालमित्रांना वाटत असेल त्यांनी एकदा घाटात यावे.

खाण्याचे प्रकरण आईच्या अखत्यारीत आहे. मनुष्यदेह स्नायूंत आणि यकृतात मिळून साखरेचा जो साठा ठेवतो तो सुमारे २,००० कॅलरींचा असतो. बारा तास पेडल मारणाऱ्याला त्याच्या दुपटीहून अधिक लागते. चरबीचा साठा देहात पुष्कळ असतो, पण तो सावकाश जळणाऱ्या ओल्या लाकडासारखा. साखरेचा जाळ असल्यावाचून तो नीट पेट घेत नाही. साखर संपली की हातपाय थरथरतात आणि हट्टाने काही चालत नाही. म्हणून भूक लागण्यापूर्वी खावयाचे आणि तहान लागण्यापूर्वी प्यावयाचे. दर अर्ध्या तासाला थोडे थोडे. बाजारात यासाठी पाकिटांतून महागडे पदार्थ मिळतात. आईने एका पाकिटावरचा मजकूर चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, “हा तर गूळच आहे, परदेशी जाऊन आला इतकेच.” तेव्हापासून राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, केळी आणि मीठ-साखरेचे लिंबूपाणी यांवर तयारी चालली आहे. लाडूचा आकार मात्र तिने एका घासाचा केला आहे. कारण एक हात हँडलवर असतो.

आता बाबांविषयी. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना चौतीस पायऱ्यांचा आहे. बाबा चार पायऱ्या चढतात, कठड्यावर हात ठेवून थांबतात, दोन श्वास घेतात आणि पुन्हा चार चढतात. मी जन्मल्यापासून हे असेच पाहत आलो आहे. एकदा मनुआभानवरून घरी आल्यावर चढाच्या सुरुवातीला जोर किती लावावा, याची मित्रांशी फोनवर चर्चा चालली होती. बाबांनी ती ऐकली आणि फोन ठेवल्यावर म्हणाले, “चांगले वाटते तेव्हासुद्धा मी पाचवी पायरी घेत नाही. पाचवी घेतली की दहावीला बसावे लागते.” दुसऱ्या दिवसापासून मी टेकडीवर पेडलचे फेरे श्वासाला बांधून घेतले; चढ सोपा वाटला तरी एकही फेरा अधिक नाही. वेगाने काय म्हणावयाचे ते म्हणो, माथ्यावर पोचल्यावर बोलता येऊ लागले. त्या आठवड्यात चौघांच्याही तक्त्यात ‘पाचवी पायरी नाही’ हे शब्द लिहिले गेले.

बाबांचा श्वास असा का, हे भोपाळच्या माणसाला सांगावे लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. १९८४ च्या डिसेंबरात, २ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू शहरावर पसरला तेव्हा बाबा बावीस वर्षांचे होते आणि आजीबरोबर चांदबडच्या बाजूस, रेल्वे स्थानकापासून जवळच राहत होते. हा वायू डोळ्यांच्या आणि फुप्फुसांच्या ओलाव्याशी संयोग पावून तेथे भाजल्यासारखी जखम करतो. आणि जो जितका धावेल, जितका दीर्घ श्वास घेईल, तितका तो अधिक आत जातो. एवढे आम्ही ऐकून होतो. त्या रात्री प्रत्यक्ष काय घडले, हे बाबांनी कधी सांगितले नव्हते. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मी सायकलच्या साखळीला तेल देत होतो. ते शेजारी खुर्चीवर बसले होते. चढावर आपोआप श्वास कसा लांब होतो, असे मी काहीतरी बोललो.

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “आईला कॅरिअरवर बसवली होती. तिने लुगड्याचा ओला पदर तोंडाशी धरला होता. माझे दोन्ही हात हँडलवर होते. अरेऱ्याचा चढ मी न उतरता चढलो.”

मी तेलाची बाटली खाली ठेवली. त्यांनी चाक हाताने एकदा फिरविले, ते कुठे घासते का हे कान देऊन ऐकले आणि म्हणाले, “मागचा ब्रेक जरा लागतो आहे, बघ.” आजी त्यानंतर वीस वर्षे जगली. बाबा सायकलवर पुन्हा बसले नाहीत.

त्या संध्याकाळपासून शर्यतीचे वेळापत्रक बाबांच्या हाती गेले आहे. एका जुन्या डायरीत त्यांनी गावांची नावे एकाखाली एक लिहिली असून प्रत्येकापुढे वेळ मांडली आहे: नर्मदेचा पूल सकाळी साडेआठ, सोहागपूर साडेअकरा, पिपरिया दुपारी एक. म्हणजे घाटासाठी आणि त्यापूर्वीच्या जंगलासाठी साडेचार तास उरतात. पूल साडेआठच्या आधी ओलांडलेला त्यांना चालणार नाही, अशी ताकीद चौघांनाही मिळाली आहे. आमच्यातील सर्वांत तरुण गड्याने, “काका, आठला पोचलो तर?” असे विचारले. बाबा म्हणाले, “तर अर्धा तास नर्मदेला नमस्कार करीत बसा.”

डॉक्टरांनी मला तपासून परवानगी दिली आहे. नवे टायर चढले आहेत. डांबरी रस्त्यासाठी त्यांत हवा जास्त ठेवावयाची की माटकुळे खड्डे लक्षात घेऊन थोडी कमी, यावर अद्याप दोन पक्ष आहेत. रात्रीचे दिवे, दोन जादा ट्यूब, पंप, साखळी जोडण्याचे हत्यार, सारे एका पिशवीत वजन करून भरले आहे. आईने त्यात हळदीची पुडी घातली, ती कोणी काढलेली नाही.

बाबा मात्र पिपरियाला असणार आहेत. पहाटेच्या गाडीने इटारसीपर्यंत आणि तेथून जबलपूरच्या बाजूला जाणाऱ्या गाडीने पुढे. आईला बरोबर घेऊन, केळी आणि चहाचा थर्मास घेऊन. गेली कित्येक वर्षे ते दवाखान्याखेरीज शहराबाहेर गेलेले नाहीत. म्हणून मी नको म्हटले. त्यांनी तिकिटेच आणून टेबलावर ठेवली. काल रात्री एवढेच म्हणाले, “पिपरियाला फलाट बदलावा लागतो का? तुझ्या त्या मित्राला विचारून ठेव, तिथल्या पुलाला पायऱ्या किती आहेत ते.”