भरला तराजू

सोयगावच्या आमच्या जुन्या घरात दिवाळीपूर्वी माळा झाडण्याची पद्धत अजून टिकून आहे. भुसार दुकान बंद होऊन कित्येक वर्षे लोटली, तरी पोती शिवण्याचे दाभण, मोडकी मापे, लाल कापडी बांधणीच्या चोपड्या असा पसारा तेथे आहेच. मागील दिवाळीस माझी पुतणी अमेरिकेहून आली होती. वडिलांचा लोखंडी दांडीचा तराजू मी माळ्यावरून खाली देत होतो. तिने तो हातात घेतला, दांडी बोटावर तोलून पाहिली आणि विचारले, "काका, हा रिकामा असताना सरळ राहतो, की भरल्यावरही?"

मी शिडीवरच थांबलो. याच एका प्रश्नापायी 1969 साली आमच्या घरातील दिवा रात्रभर जळत होता, आणि तिच्या जन्मापूर्वीची ती हकिगत तिला कोणी सांगितलेली नव्हती. ती खगोलशास्त्रज्ञ आहे. तिच्या विचारण्याचे कारण निराळे होते. ते आधी सांगतो.

तारे आणि दीर्घिका यांचा प्रकाश फाकवून त्याचा वर्णपट नोंदविणारे जे यंत्र असते त्यास वर्णपटलेखक म्हणतात. पावसाळ्यात वेताळवाडीच्या किल्ल्यावर इंद्रधनुष्य उमटते, तसाच हा पट्टा. मात्र त्यात बारीक काळ्या आणि उजळ रेघा असतात. कोणती रेघ कोठे पडली यावरून तारा कशाचा बनला आहे आणि कोणत्या वेगाने आपल्याकडे येतो अथवा दूर जातो हे कळते. सारा व्यवहार रेघेच्या जागेवर चालतो. म्हणजे हाही एक तराजूच. काटा कोठे उभा राहिला त्यावर देणेघेणे ठरावयाचे.

असे यंत्र मी प्रथम पाहिले ते गिरवलीला. पुतणी त्या वेळी पुण्यात शिकत होती. डॉ. जयंत नारळीकर यांनी उभारलेल्या 'आयुका' या संस्थेची वेधशाळा पुण्याहून जुन्नरच्या बाजूला सुमारे 80 किलोमीटरवर एका डोंगरावर आहे. तेथे 2006 पासून 2 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण काम करते. मुख्य आरशाच्या पाठीमागे, दुर्बिणीच्या बुडाशी, वर्णपटलेखक लटकवलेला होता. दुर्बीण क्षितिजाकडे कलली की तोही कलणार, माथ्यावर आली की तोही सरळ होणार. मी बँकेतला माणूस. मला यंत्राची किंमत विचारण्याचा मोह झाला होता. तेवढ्यात तीच म्हणाली, "काका, हे एवढे जाड लोखंड दिसते ना, तेही स्वतःच्या भाराने वाकते." मला ते पटले नाही. ती म्हणाली की वाक डोळ्यांना दिसण्याजोगा नसतोच, केसाच्या जाडीहूनही तो बारीक; पण रेघेची जागा हलायला तेवढा पुरतो. म्हणून तारा टिपला की दुर्बीण त्याच स्थितीत ठेवून, ज्याच्या रेघा पक्क्या ठाऊक आहेत अशा दिव्याचा प्रकाश आत सोडायचा, त्याच्या रेघा कोठे पडल्या ते नोंदवायचे आणि तेवढा फरक पुढे हिशेबात वळता करायचा. आमच्या भाषेत ही दुरुस्तीची नोंद झाली. चूक घडू द्यायची, मोजायची आणि मागाहून जमाखर्च टाकायचा.

दुसरी रीत पाहण्याचा योग सांताक्रूझला आला; मुंबईच्या नव्हे, कॅलिफोर्नियातल्या. मुलाकडे आम्ही उभयता गेलो असता पुतणीने मला तिच्या विद्यापीठात नेले. हवाई बेटावरील मौनाकिया पर्वतावर, सुमारे 4200 मीटर उंचीवर, केक वेधशाळेच्या दोन दुर्बिणी आहेत. प्रत्येकीचा आरसा 10 मीटरचा, 36 षट्कोनी तुकडे जुळवून केलेला. त्यांपैकी दुसऱ्या दुर्बिणीवर 2002 पासून 'डायमॉस' नावाचा वर्णपटलेखक आहे. प्राध्यापक सँड्रा फेबर यांच्या नेतृत्वाखाली तो या सांताक्रूझमध्येच बांधला गेला. वजन टनांत. आता निरीक्षकाला प्रत्येक वेळी पर्वतावर जावे लागत नाही. विद्यापीठातल्या एका खोलीतील पडद्यांसमोर बसून काम चालते. हवाईचे घड्याळ तेथून दोन-तीन तास मागे, त्यामुळे आमची संध्याकाळ ही पर्वतावरची दुपार होती आणि रात्रीच्या कामाची तयारी चालू होती. मला कोपऱ्यातील खुर्ची मिळाली, न बोलण्याच्या अटीवर.

ही तयारीच मला सर्वांत अधिक आवडली. केकची दुर्बीण तारा पूर्वेकडून पश्चिमेकडे जाईल तशी त्याचा पाठलाग करते, पण तसे करताना आकाशाचा तुकडा तिच्या दृष्टीत गोल फिरतो. तो स्थिर दिसावा म्हणून तो अवजड वर्णपटलेखक आपल्या आसाभोवती रात्रभर हळूहळू फिरवावा लागतो. आता जे खाली होते ते मध्यरात्री बाजूला, पहाटे कदाचित वर. गुरुत्वाकर्षण मात्र आहे तेथेच. साहजिकच वाक प्रत्येक घटकेस निराळा. येथे मागाहून टाकलेली नोंद अपुरी पडते, कारण तासाभराच्या एकाच नोंदणीत रेघ सरकत राहिली तर ती फासटते. शिवाय दुपारी पांढऱ्या प्रकाशाची जी चित्रे घेतलेली असतात, त्यांवरून संवेदकाचे अंगभूत दोष रात्रीच्या चित्रातून काढायचे असतात. प्रकाश दुपारच्या जागी पडलाच नाही तर ती वजावट चुकते.

म्हणून डायमॉसच्या बांधणीतच पासंगाची सोय केलेली आहे. एका धातूच्या पत्र्यात शंभरावर बारीक चिरा कापलेल्या असतात, एकेका चिरेतून एकेका ताऱ्याचा प्रकाश आत जातो. त्या पत्र्याच्या दोन टोकांशी काचतंतूंमधून तांबे आणि आरगॉन यांच्या दिव्याचा प्रकाश आणून सोडतात. तो ताऱ्यांच्याच वाटेने, त्याच आरशांवरून आणि त्याच जाळीवरून जातो. मात्र मुख्य संवेदकावर न पडता त्याच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या दोन लहान संवेदकांवर ठिपक्यांच्या रूपाने उमटतो. दुपारी, यंत्र ज्या पत्र्यासह आणि जाळीच्या ज्या कलासह रात्री वापरायचे त्याच मांडणीत ठेवून, या ठिपक्यांचे एक मूळ चित्र घेतात. रात्री वेध चालू असताना संगणक पुनःपुन्हा ठिपके पाहतो आणि त्या मूळ चित्राशी ताडतो. ठिपके हलले म्हणजे ताऱ्यांच्या रेघाही तितक्याच हलल्या. मग एका दिशेची चूक एक आरसा किंचित कलवून आणि दुसऱ्या दिशेची चूक संवेदकच किंचित सरकवून तेथल्या तेथे भरून काढली जाते.

पुतणी त्या दुपारी प्रत्येक पत्र्यासाठी हे मूळ चित्र घेत होती आणि वहीत हाताने त्याचा क्रमांक लिहून ठेवीत होती. संगणक असताना वही कशाला, असे मी खुणेने विचारले. मूळ चित्र घेतल्यावर जाळीचा कल जरा जरी बदलला, किंवा रात्री एका पत्र्यास दुसऱ्याचे चित्र लावले गेले, तर यंत्रणा इमाने इतबारे चुकीच्या जागेला जाऊन चिकटेल अथवा ठिपके सापडत नाहीत म्हणून अडून बसेल, असे ती म्हणाली. रात्र मोजून मिळालेली असते; वाया गेलेला तास कोणी परत देत नाही. आमच्याकडे सकाळी रोखपालाची रक्कम कालच्या अखेरच्या शिलकेशी जुळल्याखेरीज खिडकी उघडत नसे, त्याची मला आठवण झाली.

एवढी सूक्ष्मता हवीच कशाला, हा व्यापाऱ्याचा प्रश्न मी जेवताना विचारला. तिचे उत्तर आकड्यांत होते, त्यामुळे माझ्या ध्यानात राहिले. त्यांच्या मांडणीत संवेदकावरील एक पिक्सेल 15 मायक्रॉनचा, आणि रेघ एका पिक्सेलने सरकली तर ताऱ्याच्या वेगात सेकंदाला सुमारे 13 किलोमीटरचा फरक दिसतो. आपल्या आकाशगंगेभोवती काही अतिशय मंद, बटुदीर्घिका फिरतात. 2007 मध्ये जोशुआ सायमन आणि मार्ला गेहा यांनी याच डायमॉसने अशा आठ दीर्घिकांतील ताऱ्यांचे वेग मोजले. त्या ताऱ्यांच्या वेगांतील आपसांतला पसारा सेकंदाला अवघा 3 ते 8 किलोमीटर निघाला, आणि दिसणाऱ्या ताऱ्यांचे वजन पाहता तेवढा पसाराही जास्तच होता. त्यावरून तेथे न दिसणारे कृष्णद्रव्य मुबलक आहे असा निष्कर्ष निघाला. म्हणजे पूर्ण पिक्सेलाची चूक ही मोजायच्या मालाहून मोठी. सोने तोलताना पासंगच तोळ्याचा असावा, तसे.

आता 1969. मी तेव्हा अकरा वर्षांचा. आमच्या वडिलांना आम्ही भाऊ म्हणत असू. दुकान उघडले की नवकार म्हणून भाऊ प्रथम रिकामा तराजू उचलून काटा पाहात आणि मगच पहिले गिऱ्हाईक घेत. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास दांडीचा मधला आस झिजून निसटू लागला, म्हणून ती लोहाराकडून नीट करून आणली. पारडी थोडी वरखाली दिसली. भाऊंनी एका पारड्याखाली पासंग बांधला आणि काटा सरळ केला. दुरुस्तीनंतर वजनमापे निरीक्षकाकडून पुन्हा शिक्का मारून घ्यावयास हवा होता. तो त्यांनी पुढे ढकलला. ही चूक त्यांचीच, आणि ती त्यांनी कधी लपविली नाही.

ज्वारीचा हंगाम निम्मा झाला असता एक वृद्ध शेतकरी माल देता देता म्हणाला, "शेटजी, एक डाव पारडी बदलून पाहा की." भाऊंच्या कपाळावर आठी आली, ती मी पाहिली. पण त्यांनी ज्वारी वजनाच्या जागी ठेवली आणि 20 किलोचे वजन ज्वारीच्या जागी. ज्वारीचे पारडे खाली गेले. काटा सरळ होईपर्यंत दाणे काढले आणि ते निराळे तोलले, तर 200 ग्रॅम भरले. दोन्हीकडून मिळून 200, म्हणजे प्रत्येक धारणेस 100 ग्रॅम ज्वारी शेतकऱ्याची जास्त येत होती. क्विंटलमागे अर्धा किलो. लोहाराने आस बसवताना तो मध्यावरून जरा सरकला होता. दांडीच्या दोन भुजा असमान झाल्या होत्या आणि पासंगाने ते झाकले होते. रिकामा तराजू दररोज सकाळी खरे बोलत होता. भार पडला की खोटे बोलत होता, आणि भार जितका जास्त तितके मोठे खोटे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान आहे. ते हेतूने केलेल्या खोट्या मापाविषयी आहे, आपला हेतू नव्हता, असे आमच्या धाकट्या काकांचे म्हणणे पडले. गावात बोभाटा झाला तर दुकान बसेल, ही भीतीही त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती. भाऊंनी वाद घातला नाही. ते रोजमेळ घेऊन बसले. दुरुस्तीच्या दिवसापासूनची प्रत्येक खरेदी, नाव, गाव, क्विंटल, आणि समोर देणे निघालेली ज्वारी. पहाटेपर्यंत यादी झाली. पुढचे काही आठवडे माणसे बोलावून त्यांचे त्यांना तोलून दिले. कोणी हसले, कोणी हात जोडले. एकाने स्पष्ट विचारले की एवढे कबूल करता, तर न कबूल केलेले किती असेल? गिऱ्हाईक त्यामुळे वाढले असे लिहिले तर गोष्ट गोड होईल. प्रत्यक्षात काहीजण दुसऱ्या दुकानी गेले ते परत आले नाहीत.

एक नाव तेवढे राहिले. बनोटीकडच्या एका शेतकऱ्याने एकदाच 8 क्विंटल ज्वारी घातली होती. त्याचा पत्ता लागला नाही. 4 किलो ज्वारी त्याच्या नावे उचंत जमा लिहिली गेली आणि दर दिवाळीस नव्या चोपडीत पुढे ओढली गेली. बँकेत लागल्यावर जुन्या उचंत नोंदींवरून मी हाताखालच्या लोकांना पुष्कळ बोललो. घरची नोंद मला तोंडपाठ होती, तरी ती मिटविण्यासाठी मी बनोटीस एकदाही गेलो नाही.

हे सारे ऐकताना पुतणीने तराजू पडवीतल्या कडीला अडकवला होता. भाऊंनी नवी दांडी घेतली तेव्हा ही जुनी भंगारात दिली नव्हती, कारण ती कोणीतरी पुन्हा वापरली असती. आम्ही गव्हाच्या पिशव्या आलटूनपालटून तोलल्या. दोनशेत एकाचा फरक अजून जसाच्या तसा. "काका, हा काही वाईट तराजू नाही," ती म्हणाली, "याची चूक बदलत नाही. आमच्या यंत्राची घटकेघटकेला बदलते." मग तिने ती नोंद पाहावयास मागितली. चोपडी सापडली, भाऊंचे मोडीवळणाचे अक्षर तिला वाचता येईना, मी वाचून दाखविले. बनोटीत ओळखीच्या एका गृहस्थांना दूरध्वनी केला, तर त्या आडनावाची दोन घरे अजून आहेत असे कळले.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचे ठरले. 4 किलो ज्वारी त्याच दांडीने तोलायची, असा तिचा हट्ट. माळ्यावरच्या पोत्यात 2 किलोचे वजन मिळाले. 2 किलो आम्ही डाव्या पारड्यात तोलली, पारडी बदलून 2 किलो उजव्या पारड्यात तोलली, आणि दोन्ही एका पिशवीत ओतून तोंड शिवले.