सातवा रकाना

भोपाळ

प्रिय सोनू,

तुझ्या पत्रावर सगळ्यात वर 'प्रिय मावशी' असं वाचलं आणि पुढचं काही न वाचता तेवढंच पुन्हा पुन्हा बघत बसले. लहानपणी तू मला मामा म्हणायचीस. सोहागपूरहून निवडून येऊन इथल्या विधानसभेत बसलेल्या आमच्यातल्याच शबनम मौसींना सगळेच मौसी म्हणत. मला मात्र ती हाक आपल्या घरातून हवी होती.

आता तुझी प्रश्नावली. मंगलवारा आणि बुधवारा इथल्या किन्नरांच्या डेऱ्यांतून पन्नास जणींकडून भरून पाठव, असं लिहिलंस. मी अजून एकीलाही दिलेली नाही. रागावू नकोस, आधी ऐक.

पहिल्याच पानावर 'कुटुंबप्रमुखाशी नातं' आहे. डेऱ्यात गुरू असते, तिच्या चेल्या, त्यांच्या चेल्या. लग्न-बारशाला मिळणाऱ्या बधाईचे पैसे, धान्य, साड्या एकत्र येतात आणि मग वाटे पडतात. त्यातलं 'मासिक उत्पन्न' कोणतं धरायचं? चौथा प्रश्न शस्त्रक्रियेचा. ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला तू कुणाला आपल्या शरीराबद्दल सांगशील का? तो खोडून टाक. त्यापेक्षा विचार, की दिवसभर बधाईला फिरताना लघवीला कुठे जाता, खोली भाड्यानं मागितली की घरमालक काय म्हणतो, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळतं का, म्हातारपणी औषधाला पैसे कोण देतं. मला एकदा तापात एका रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डातून बायकांच्या वॉर्डात आणि तिथून परत, असं संध्याकाळपर्यंत फिरवलं. त्या दिवशी मला फक्त एक खाट हवी होती. तुझ्या यादीत ती खाट नाही, कारण यादी करताना आमच्यातलं कुणी तुझ्या शेजारी बसलेलं नव्हतं.

सरकारी मोजणीचंही तसंच. 2011च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' ही नोंद पहिल्यांदा झाली. देशात 4,87,803, मध्य प्रदेशात 29,597. पण देशाच्या त्या आकड्यात सहा वर्षांपर्यंतची जवळजवळ 55 हजार मुलं आहेत! तान्ह्या बाळानं काय सांगितलं असेल? कुणीतरी मोठ्यानं लिहिलं. आपण कोण हे ज्याचं त्यानं सांगायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014ला म्हटलं, ते आम्हांला इतकं मोलाचं का वाटलं ते यावरून कळेल.

आणि विचारणारंही आपल्यातलंच हवं. ए. रेवती यांचं नाव तू ऐकलं असशील. बंगळुरूच्या संगमा संस्थेत काम करताना त्या तमिळनाडूतल्या आपल्याच जमातीच्या माणसांकडे गेल्या, त्यांची बोलणी टिपली आणि 2004मध्ये त्या बोलण्यांचं तमिळ पुस्तक आलं. आपल्याच माणसानं विचारलं की कुठे थांबायचं हे त्याला सांगावं लागत नाही. भोपाळला तर हे नवीनही नाही. इथल्या वायुदुर्घटनेतल्या पीडितांवरचं सरकारी संशोधन 1994मध्ये थांबलं, आणि 1996मध्ये सुरू झालेल्या संभावना दवाखान्यानं वस्तीवस्तीत कार्यकर्ते पाठवून आजारांची नोंद ठेवली. ज्यांना खोकला होता त्यांच्याच गल्लीत बसून.

आणखी एक. डेऱ्यांतच शोधशील तर मुलगी म्हणून वाढवलेले पण पुरुष म्हणून जगणारे आमचे भाऊ तुला भेटणारच नाहीत. ते डेऱ्यात राहत नाहीत. कुणी आईबापांच्या घरात गप्प असतं, कुणी दुसऱ्या शहरात खोली करून. माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्याही सुटतील.

म्हणून तू ये. राखीच्या सुमारास ये, तेव्हा इथे किन्नरांची भुजरियांची मिरवणूक निघते, गव्हाचे कोवळे अंकुर डोक्यावर घेऊन. पहिल्या भेटीत वही पिशवीतच राहू दे. प्रश्न आपण दोघी-तिघींना घेऊन हिंदीत लिहू. जिचा दिवस मोडेल तिला त्या दिवसाचे पैसे द्यायचे, तुझ्या कॉलेजला विचारून ठेव. आणि जे लिहिशील ते परत येऊन डेऱ्यात मोठ्यानं वाचून दाखवायचं; फोटो काढून गेलेले कितीतरी जण पुन्हा फिरकलेले नाहीत.

एक फॉर्म मात्र भरला, माझा. सातव्या रकान्यापर्यंत. 'जन्मकुटुंबाशी संबंध: चांगले / वाईट / तुटलेले.' ताईचा तिळगुळाचा डबा दर संक्रांतीला येतो, आणि वर माझं जुनं नाव असतं. खूण कुठे करू? तो रकाना कोरा ठेवून फॉर्म सोबत पाठवते आहे. ताईला दाखव.

तुझी,
मावशी