हँडलची पिवळी पाटी

यवतमाळ,
१४ जुलै २०२४

चि. मृणाल,

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या सायकलच्या हँडलला बांधलेली पिवळी पाटी तुला दिसली आणि 'मावशी, टिपेश्वर ते ज्ञानगंगा म्हणजे काय गं?' असं तू विचारलंस. फोनवर सांगून होण्यासारखं ते नाही, म्हणून लिहायला बसले.

टिपेश्वर हे पांढरकवड्याजवळचं अभयारण्य, जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. २०१९ साली तिथल्या एका तरण्या वाघाला देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं रेडिओ कॉलर लावली. कागदावर त्याचं नाव टी१-सी१. नर वाघ वयात आला की त्याला स्वतःचा इलाका शोधावा लागतो. हा जूनमध्ये निघाला. आदिलाबादकडे गेला, परतला, मग पैनगंगा अभयारण्य, पुसद, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरहून जास्त चालला गं तो, आणि तेही बहुतेक माणसांच्या वावरांतून! दिवसा दडायचा, रात्री चालायचा. हिंगोलीकडे तो झुडपात पडला असताना काही माणसं फार जवळ गेली, त्यात एक जण जखमी झाला. एवढ्या वाटेत एवढंच.

ही बातमी माझ्या मनातून जाईना. आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ ला, राळेगाव तालुक्यात अवनी वाघीण मारली गेली होती. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर होते. त्या घरांतलं दुःख खरं आणि तिच्यासाठी हळहळणाऱ्यांचंही खरं. तेव्हापासून मला वाटायचं, वाघांच्या वाटेवरच्या माणसांशी कुणीतरी जाऊन बोललं पाहिजे.

सायकलच का, तर आमच्या पिढीला ते बाबा आमट्यांनी शिकवलं. वणीच्या पलीकडे वरोरा, तिथलं त्यांचं आनंदवन. डिसेंबर १९८५ मध्ये त्यांचं 'भारत जोडो' कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालं. सत्तरी ओलांडलेले बाबा पाठीच्या दुखण्यामुळे गाडीत आडवे, आणि बरोबर शंभरावर तरुण पोरंपोरी सायकलींवर. मी अकरावीत होते. मला घरून जाऊ दिलं नाही, ते अजून सलतं.

जानेवारी २०२३ मध्ये ही पाटी हँडलला बांधून आम्ही अकरा जण सायकलींवर निघालो. वाघाची वाट तंतोतंत धरणं शक्यच नव्हतं, म्हणून घाटंजी, आर्णी, दिग्रस, पुसद, वाशीम, मेहकर असा डांबरी रस्ता धरला. गावोगावी थांबायचं, पारावर बसायचं आणि जंगलांना जोडणारी झाडोऱ्याची पट्टी, नाले, माळ का राखायचे ते सांगायचं.

दिग्रसच्या अलीकडे संध्याकाळी एक शेतकरी जागलीची तयारी करताना भेटले. माळ्यावर गोधडी, उशाशी टॉर्च, दोरीनं टांगलेली जुनी जर्मनची थाळी आणि ती वाजवायला लाकडाचा दांडका. खाली हरभरा. आमचं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाघ आमच्या कामाचाच हाय ताई, रोही, डुकरं कमी करते. पण लाइन रातच्यानं येते. मंग मोटर चालू कराले जाच लागते."

तोपर्यंत आम्ही नुसती भाषणं करत होतो. त्या रात्री मुक्कामी बसून, सरकारी कार्यालयात द्यायला बरोबर घेतलेलं निवेदन फाडलं आणि नव्यानं लिहिलं. पहिली मागणी: शेतीला दिवसा वीज. वाघ वाचवायचा तर अंधारात ओलिताला जाणारा माणूस आधी वाचला पाहिजे, हे माझं पक्कं मत झालं आहे. बुलढाण्याला एका कार्यालयात ते दिलं. साहेबांनी वाचून सांगितलं की विजेचा विषय आमच्याकडे येत नाही.

शेवटच्या दिवशी बोथ्याच्या घाटात सायकली हातानं ढकलत ज्ञानगंगेच्या जंगलात शिरलो. वाघ दिसला नाही. त्यासाठी गेलोही नव्हतो. त्याची कॉलर २०२० मध्येच काढली होती. तोवर त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या वर गेली होती.

दिग्रसच्या त्या शेतकऱ्यांना परवा फोन केला. लाइन अजून रात्रीच येते. म्हणून पाटी काढलेली नाही.

तुझी,
मावशी